वासाचा धंदा

“कशात तळता?” मी विचारलं.

काउंटरपलीकडची मुलगी क्षणभर थांबली. माझ्या मागे वीस-पंचवीस माणसं रांगेत होती आणि बहुधा त्यांच्यापैकी कोणालाच हा प्रश्न पडला नव्हता. “बीफ ड्रिपिंगमध्ये,” ती म्हणाली. अगदी जुन्या पद्धतीने, असंही तिने अभिमानाने सांगितलं.

ड्रिपिंग म्हणजे गाईबैलांच्या मांसातून वितळून निघालेली चरबी. मी आभार मानले आणि रांगेतून बाहेर पडले. लेक, जावई आणि आठ वर्षांचा नातू आपापले पुडे घेऊन आले. मी बाकावर नुसतीच बसले. मी कोकणातल्या घरातली. माशाला कधी नाही म्हटल्याचं आठवत नाही. त्या दिवशी मात्र मासा समोर असून चरबीपाशी अडले.

ही जागा म्हणजे इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यातलं बीमिश हे खुलं संग्रहालय. मागच्या पिढ्यांचं रोजचं जगणं तिथे जसंच्या तसं उभं केलं आहे. ट्राम आहे, शाळा आहे, खाणकामगारांच्या घरांची ओळ आहे, आणि त्या खाणवस्तीत ‘डेव्हीज’ नावाचं तळलेल्या माशांचं एक छोटं दुकान आहे. जवळच्या विनलॅटन मिल गावात कोळशावर चालणारं असं एक जुनं दुकान होतं, त्याचं हे नाव. संग्रहालयातलं दुकान २०११ मध्ये उघडलं. आत कोळशाच्या भट्टीवर कढया तापतात. भज्याच्या पिठासारख्या पण अधिक सैल पिठात बुडवलेला मासा त्यात पडतो, शेजारी बटाट्याच्या जाड फोडी तळल्या जातात, वर मीठ आणि व्हिनेगर शिंपडलं जातं. लोक त्यासाठी उन्हात तासभर उभे राहतात.

बाकावर बसून मी वास घेत होते. चरबीचा वास अनोळखी होता. पण कढईत मासा पडला की जो वास उठतो, तो सरळ लालबागच्या चाळीतला होता. तिथे आमच्या मजल्यावर कोणाकडे काय तळलं जातंय हे जिन्यातच कळायचं आणि त्यात कोणाला काही वाटायचं नाही. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांनी आम्ही उपनगरातल्या एका सोसायटीत राहायला गेलो. तिसऱ्याच महिन्यात सूचनाफलकावर एक कागद लागला. स्वयंपाकाच्या उग्र वासाचा इतर सभासदांना त्रास होणार नाही याची काळजी घ्यावी, एवढंच त्यात होतं. नाव कोणाचं नव्हतं, पण मासे खाणारं घर त्या मजल्यावर आमचं एकच. त्यानंतर बोंबील तळायचे असले की आई स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. अगदी मे महिन्यातसुद्धा.

इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. त्या बाकावर मला पडलेला प्रश्न तसा साधाच होता. जो वास एका गावात सूचनाफलकावर जातो, तोच दुसऱ्या गावात संग्रहालयात कसा जाऊन बसतो? परत आल्यावर दोन हिवाळे मी याच शोधात घालवले. त्यातून हाती लागलं ते असं की, विलायतेतही हा वास आधी सूचनाफलकावरच होता. नुसत्या सूचनाफलकावर नव्हे, कायद्याच्या पुस्तकात होता.

मासा कोणाचा?

इंग्लंडने १२९० मध्ये आपल्या साऱ्या ज्यूंना हद्दपार केलं होतं. १६५६ मध्ये, क्रॉमवेलच्या काळात, त्यांना पुन्हा उघडपणे राहता येऊ लागलं. सुरुवातीला आली ती स्पेन-पोर्तुगालच्या धर्मन्यायालयांपासून जीव वाचवून पळालेली घराणी, बरीचशी ॲम्स्टरडॅममार्गे. त्यांच्याबरोबर मासा तळण्याची त्यांची रीत आली. या रीतीमागे धर्माचा नेम होता. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ. त्या काळात चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी दुपारीच मासा पिठात घोळवून तळून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी थंडच खायचा. तळायचा तोही तेलात, कारण इंग्रज घरांत सर्रास वापरली जाणारी डुकराची चरबी त्यांना निषिद्ध. शिवाय चरबी गार झाली की थिजते, तेलात तळलेला मासा मात्र दुसऱ्या दिवशीही खाववतो.

“कशात तळता?” हा प्रश्न, म्हणजे, माझ्या आधी तिथे साडेतीनशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. इतकंच नव्हे, ज्या पदार्थासाठी मी रांगेत उभी होते त्या पदार्थाचा जन्मच या प्रश्नातून झाला होता. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

अठराव्या शतकात हॅना ग्लास या बाईंचं पाकपुस्तक इंग्लंडमध्ये घरोघरी होतं. त्याच्या आवृत्त्यांत मासा टिकवण्याची ‘ज्यू पद्धत’ येते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तळलेला मासा लंडनच्या रस्त्यावर उतरला. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये, म्हणजे १८३७ ते १८३९च्या दरम्यान, चोरांच्या गल्लीचं वर्णन करताना तळलेल्या माशांचं कोठार येतं. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या गोरगरिबांच्या धंद्यांची पाहणी केली, ती १८५१ मध्ये ग्रंथरूपाने आली. तळलेला मासा विकणारे फेरीवाले शहरात तीनशेच्या आसपास असावेत, असा त्याचा अंदाज होता. गळ्यात अडकवलेल्या तबकात थंड मासे, बरोबर पावाचा तुकडा, आणि गिऱ्हाइकं दारूच्या गुत्त्यांतली.

मेह्यूने या फेरीवाल्यांना बोलतं केलं आहे. त्यांतल्या एकाने आपल्या राहत्या जागेविषयी जे सांगितलं त्याचा आशय असा: जिथे लोक जिन पितात ती वस्ती आम्हांला बरी, तिथल्यांची नाकं फार तिखट नसतात. मी हे वाचून हसले आणि मग थांबले. खोली भाड्याने घेताना शेजाऱ्यांच्या नाकाचा विचार करावा लागणारा माणूस १८५१च्या लंडनमध्येही होता.

मासा तळणाऱ्यांत सगळेच ज्यू नव्हते. पण तळलेल्या माशाचा वास आणि ज्यू माणूस यांची जोडी इंग्रज मनात घट्ट बसली होती. पनिकोस पनायी या इतिहासकाराने २०१४ मध्ये या पदार्थाचा इतिहास लिहिला. आज ज्याला इंग्रजांचा राष्ट्रीय पदार्थ म्हणतात तो एके काळी ज्यूंना हिणवण्याच्या कामी कसा येत असे, हे त्याने त्यात दाखवलं आहे.

बटाटा, कापूस आणि १८६३

चिप्स आल्या त्या उत्तरेकडून. लँकशरच्या गिरणगावांत, विशेषतः ओल्डहॅमच्या बाजूला, तळलेल्या बटाट्याच्या फोडी बाजारात विकल्या जात. मासा दक्षिणेचा आणि बटाटा उत्तरेचा. एकाच दुकानात ही दोन्ही पहिल्यांदा कुठे भेटली यावर इंग्लंडमध्ये अजून वाद होतो. लंडनकर पूर्व लंडनच्या जोसेफ मॅलिनचं नाव घेतात. तो ज्यू होता. त्याचं दुकान १८६०च्या दशकातलं. मासे तळणाऱ्या दुकानदारांच्या राष्ट्रीय महासंघाने १९६८ मध्ये मॅलिन घराण्याला सर्वांत जुनं दुकान म्हणून मानपट्टही दिला. उत्तरेचे लोक हे मानत नाहीत. ते मॉस्लीच्या जॉन लीसचं नाव घेतात. लीसची मॉस्लीच्या बाजारात लाकडी टपरी होती. तिथे तो वाटाण्याचं सूप आणि डुकराचे पाय विकायचा. १८६३च्या सुमारास त्याने मासा आणि चिप्स विकायला सुरुवात केली, असं सांगतात. पुढे तो रस्त्यापलीकडच्या पक्क्या दुकानात गेला आणि आपलं दुकान जगातलं सर्वांत जुनं असल्याचं त्याने पाटीवर लिहून टाकलं.

पहिला कोण, या वादात मला रस नाही. मला खिळवून ठेवलं ते १८६३ या सालाने.

मॉस्ली हे सूतगिरण्यांचं गाव. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकशरला येणारा कापूस आटला. गिरण्या बंद पडल्या. १८६२च्या अखेरीस जवळजवळ पाच लाख माणसं मदतीवर जगत होती. मार्च १८६३ मध्ये मॉस्लीला लागूनच असलेल्या स्टेलीब्रिजमध्ये दंगल झाली. मदत समितीने मदत कमी केली होती, आणि उरलेली रोख न देता चिठ्ठ्यांच्या रूपाने द्यायचं ठरवलं होतं. दुकानं फुटली, सैन्य आलं. इतिहासात याला ‘कापसाचा दुष्काळ’ म्हणतात.

या दुष्काळाची दुसरी बाजू आपल्याकडे आहे. अमेरिकेचा कापूस थांबल्यावर इंग्लंडने हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. वऱ्हाड, खानदेश, गुजरात इथला कापूस मुंबई बंदरातून चढ्या भावाने जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा चढला, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. आणि १८६५ मध्ये यादवी संपताच सगळं कोसळलं. आखूड धाग्याच्या आपल्या कापसाला लँकशरचे कामगार ‘सुरत’ म्हणत आणि तो कातायचा म्हणून कपाळाला हात लावत. सूत सतत तुटायचं आणि तुटल्या सुताची मजुरी कापली जायची.

लीसची टपरी या भुकेतूनच निघाली, असं म्हणणं ताणून बांधल्यासारखं होईल. पण तिची गिऱ्हाइकं कोण होती हे त्या सालावरून कळतं. मॉस्लीच्या बाजारात वाटाण्याचं सूप पिणारा माणूस आणि मुंबईच्या कापूसबाजारात रातोरात लक्षाधीश झालेला दलाल हे एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले होते.

हा दोर कढईपर्यंतही पोचतो. कापसातून वेगळ्या केलेल्या सरकीपासून तेल काढता येतं. इंग्लंडमध्ये हल बंदर हे तेलघाण्यांचं मोठं केंद्र होतं आणि इजिप्तच्या सरकीबरोबर मुंबईहून आलेली सरकीही तिथे गाळली जाई. यॉर्कशर आणि ईशान्येकडे मासा बैलाच्या चरबीत तळायचा रिवाज पडला, तो आजही आहे. पण लंडनच्या ज्यू तळणाऱ्यांनी आणि लँकशरच्या अनेक दुकानदारांनी सरकीचं तेल पसंत केलं. बीमिशऐवजी मी शंभर वर्षांपूर्वीच्या ओल्डहॅमच्या रांगेत उभी असते, तर कदाचित पोटभर खाल्लं असतं, आणि तेही वऱ्हाड-खानदेशच्या सरकीत तळलेलं.

चूल न पेटलेली घरं

१८७० नंतर या दुकानांची संख्या भराभर वाढली. त्यामागे तीन यंत्रं आहेत. पहिलं आगगाडी. ग्रिम्सबीचं बंदर रेल्वे कंपनीच्या पैशावर वाढलं आणि रात्री निघालेला मासा सकाळी आतल्या गिरणगावांत मिळू लागला. दुसरं वाफेवरची मासेमारी बोट. समुद्राचा तळ खरवडत जाणारं जाळं पूर्वी शिडाच्या होड्या ओढत. १८८१ मध्ये ग्रिम्सबीत खास बांधलेली ‘झोडियॅक’ ही वाफेची बोट आली आणि उत्तर समुद्राच्या पलीकडचा, पुढे आइसलँडचा मासाही बर्फात घालून येऊ लागला. तिसरं यंत्र दुकानातलंच. आधी कढई उघड्या विस्तवावर असायची आणि सगळी वाफ खोलीत आणि गल्लीत पसरायची. ओल्डहॅमच्या बाजूच्या यंत्रशाळांनी, ज्या एरवी गिरण्यांची कामं करत, वाफ धुराड्यात ओढून घेणाऱ्या भट्ट्या घडवल्या.

पण यंत्रांनी माल येतो, गिऱ्हाईक येत नाही. गिऱ्हाईक आलं ते लँकशरच्या घराघरांतून. तिथे नवऱ्याबरोबर बायकोही गिरणीत जात असे. संध्याकाळी भोंगा झाला की दोघंही थकून घरी, चुलीला कोळसा महाग, पोरं भुकेली. मग मोठ्या मुलीच्या हातात वाडगं देऊन तिला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवायचं. पहिल्या महायुद्धाआधी एका पेनीला मासा आणि अर्ध्या पेनीला चिप्स मिळत. गरम जेवण, दहा मिनिटांत.

इथे मला आमचं गिरणगाव आठवलं. तिथे बाई बहुतेककरून कोकणात किंवा घाटावर गावी राहायची आणि पुरुष एकटा मुंबईत. त्याच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बायकांनी केली. त्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, हे आपल्याला माहीत आहे. गिरणी दोन्हीकडे तीच. पण आमच्याकडे घर दोन ठिकाणी फाटलं म्हणून खानावळ आली. तिकडे घर एकाच ठिकाणी होतं, पण ते दोन्ही बाजूंनी राबत होतं, म्हणून हे दुकान आलं.

आणि हे दुकानही बहुतेकदा घरच होतं. राहत्या घराची पुढची खोली रिकामी करायची, उसनवारी करून भट्टी बसवायची आणि धंदा सुरू. बटाटे सोलणं, मासा साफ करणं, पीठ कालवणं यात नवरा-बायको आणि मुलं सगळीच. नवरा खाणीत किंवा गिरणीत जायचा आणि दुकान बायकोच चालवायची, असंही पुष्कळ ठिकाणी होतं. जॉन वॉल्टन या इतिहासकाराने १९९२ मध्ये या दुकानांवर एक सबंध पुस्तक लिहिलं. त्यातले आकडे पाहून मी चकित झाले. १९१० च्या सुमारास ब्रिटनमध्ये अशी पंचवीस हजार दुकानं होती आणि १९२७ च्या सुमारास पस्तीस हजार. त्यांतली बहुसंख्य एकेका कुटुंबाची.

कायद्यातला वास

ज्यांच्या दारात ही दुकानं नव्हती त्यांना ती आवडत नव्हती. आरोग्याधिकाऱ्यांच्या मते त्यांनी पोट बिघडतं आणि साथी पसरतात. समाजसुधारकांच्या मते गरिबांचा पैसा त्यात वाया जातो. आणि सर्वांत मोठा आरोप बायकांवर होता: घरी नीट स्वयंपाक करायचा सोडून या आळशी आया पोरांना कोपऱ्यावर पिटाळतात. दिवसाचे दहा तास मागावर उभ्या राहणाऱ्या बाईला आळशी म्हणणारे हे लोक बहुतेक स्वयंपाकीण ठेवणारे होते.

या नापसंतीला कायद्याचा आधार मिळाला. इंग्लंडच्या १८७५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात ‘उपद्रवी धंद्यां’ची यादी होती. रक्त उकळणारे, हाडं उकळणारे, चरबी वितळवणारे, साबण उकळणारे, आतडी शिजवणारे अशांची. या धंद्यांना स्थानिक मंडळाची परवानगी लागे आणि ते चांगल्या वस्तीत काढता येत नसत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०७च्या कायद्यानंतर, मासा तळण्याचा धंदाही या पंगतीला बसवण्याची मुभा मंडळांना मिळाली. हाडं उकळणाऱ्याच्या शेजारी मासा तळणारा. कारण एकच: वास.

दुकानदार गप्प बसले नाहीत. १९१३ मध्ये त्यांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. ‘चॅटचिप’ या टोपणनावाने त्यांच्यातलाच एक जण मासळीव्यापाराच्या साप्ताहिकात वर्षानुवर्षं लिहीत होता. दुकान स्वच्छ ठेवा, पांढऱ्या फरश्या लावा, तेल वेळेवर बदला, आपल्या धंद्याची लाज बाळगू नका, असं तो बंधूंना सांगे. काहींनी थाटही केला. ब्रॅडफर्डच्या हॅरी रॅम्सडेनने १९२८ मध्ये गाइझलीला एका लाकडी टपरीत सुरुवात केली आणि तीनच वर्षांत शेजारी झुंबरं आणि गालिचे असलेलं उपाहारगृह बांधलं. झुंबराखाली बसून खाल्ला तो मासा उपद्रवी राहिला नाही. बाकीच्यांचा मात्र राहिला.

जॉर्ज ऑर्वेलने १९३७ मध्ये ‘द रोड टू विगन पिअर’मध्ये बेकारीच्या काळातल्या स्वस्त सुखांची यादी दिली आणि क्रांती टळली ती बहुधा यांच्यामुळे, असा शेरा मारला. त्या यादीत फिश अँड चिप्स आहेत. ऑर्वेलला यात थोडी खंत होती. मला त्यात दुसरं काही दिसतं. ज्या घरात काहीच मिळत नव्हतं तिथेही शुक्रवारी संध्याकाळी पोरांना गरम काही मिळत होतं. ते देणारं दुकान कायद्याने उपद्रवी होतं.

१९४०

माझ्या प्रश्नाचं उत्तर एका सालात दडलेलं निघालं.

१९४० मध्ये मासा तळण्याचा धंदा उपद्रवी धंद्यांच्या यादीतून काढण्यात आला. काही एका वर्षात वास बदलला नव्हता. बदलली होती सरकारची गरज. युद्ध सुरू झालं होतं. जानेवारी १९४० पासून लोणी, साखर, डुकराचं मांस यांचं रेशनिंग आलं आणि पुढे यादी वाढत गेली. मासा आणि बटाटा मात्र युद्ध संपेपर्यंत रेशनवर आले नाहीत. कारखान्यात पाळ्या करणाऱ्या बायकांना आणि बाँबहल्ल्यात घर गमावलेल्यांना गरम जेवण हवं होतं; ते देणारी हजारो दुकानं आयतीच गल्लोगल्ली उभी होती. तेल आणि मासा मिळणं अवघड होतं, दुकानं आठवड्यातले काही दिवसच उघडत, पण उघडली की रांग कोपऱ्यापर्यंत जाई. कालपर्यंत आयांना आळशी बनवणारा पदार्थ आता राष्ट्राचं मनोबल टिकवू लागला.

गोष्ट इथे संपली असती तर गोड झाली असती. पण १९४० सालाला दुसरी बाजू आहे.

स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्समध्ये ही दुकानं मोठ्या प्रमाणावर इटालियन कुटुंबांनी काढली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण लात्सिओ आणि तस्कनीच्या गरीब डोंगराळ खेड्यांतून ती आली. आइस्क्रीम उन्हाळ्यात आणि तळलेला मासा हिवाळ्यात, असा त्यांचा धंदा. डब्लिनमध्ये आजही मासा आणि चिप्स मागताना जुनी माणसं ‘वन अँड वन’ म्हणतात. एका इटालियन दुकानदारिणीला इंग्रजी येत नव्हतं, ती बोटाने दाखवून ‘यातलं एक, त्यातलं एक’ असं विचारायची, त्यावरून हा शब्द पडला असं सांगतात.

१० जून १९४० रोजी मुसोलिनीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच रात्री एडिंबरा, ग्लासगो आणि इतर शहरांत जमाव इटालियन दुकानांवर चालून गेला. काचा फुटल्या, माल लुटला गेला. त्यांत ज्या पोरांनी आदल्या शुक्रवारी चिप्स घेतल्या होत्या तीही असणार. इटालियन पुरुषांना पकडून नजरकैदेत टाकण्यात आलं. त्यांच्यातल्या अनेकांना कॅनडाला पाठवण्यासाठी ‘अरँडोरा स्टार’ या जहाजावर चढवलं गेलं. २ जुलै १९४० रोजी जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. चारशेहून अधिक इटालियन मेले. त्यांत आइस्क्रीमवाले होते, वेटर होते, मासा तळणारे होते.

म्हणजे ज्या वर्षी वासाला माफी मिळाली, त्याच वर्षी तळणाऱ्याला मिळाली नाही. पदार्थ आपला झाला तरी माणूस आपला होतोच असं नाही. मी वर्गात कितीतरी विषय शिकवले, पण हे इतकं स्पष्ट मला कुठे दिसलं नव्हतं.

पुढे काय झालं?

युद्धानंतर कढईपाशी उभी राहणारी माणसं पुन्हा बदलली. सायप्रसची ग्रीक आणि तुर्क कुटुंबं आली, हाँगकाँगची चिनी कुटुंबं आली. गावोगावची जुनी दुकानं, ज्यांच्या मालकांची मुलं आता तासन्‌तास उभं राहायला तयार नव्हती, ती यांनी विकत घेतली. चिप्सवर करी सॉस ओतायची पद्धत ब्रिटनभर पसरली, त्यात या चिनी दुकानांचा मोठा वाटा आहे. पंजाबी आणि इतर भारतीय मालकही आहेत. आमच्या लेकीच्या गल्लीतलं दुकान तेलात तळतं, हे मी आता पहिल्याच दिवशी विचारून ठेवते.

दुकानं कमी होत गेली. आइसलँडशी माशांवरून तीनदा झालेल्या तंट्यांचा शेवट १९७६ मध्ये ब्रिटनच्या माघारीत झाला आणि हल-ग्रिम्सबीच्या बोटी गंजल्या. जे बंदर सरकी गाळायचं आणि मासा पाठवायचं, ते बेकार झालं. १९८४ मध्ये गरम तयार अन्नावर मूल्यवर्धित कर बसला. वर्तमानपत्राचा पुडा आरोग्याच्या कारणावरून गेला. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा सूर्यफुलाच्या तेलाचा भाव भडकला. आज पस्तीस हजारांतली साडेदहा हजारांच्या आसपास उरली आहेत. मॉस्लीच्या गिरण्या बंद आहेत, लालबागच्याही. तिकडच्या काही गिरण्यांत सदनिका झाल्या, आमच्याकडे मनोरे. मनोऱ्यांत राहायला येणाऱ्यांना मासळीबाजाराचा वास नको असतो, हेही आपण ऐकतो.

बीमिशच्या दुकानात आता वासाची तक्रार कोणी करत नाही. करायला शेजारीच उरलेले नाहीत. ती वस्ती नकली आहे. एखादा वास संग्रहालयात जातो तो बहुधा तो निर्माण करणारी माणसं तिथून निघून गेल्यावरच, असं मला आता वाटतं. म्हणून त्या रांगेचा मला हेवा वाटला तसाच तो थोडा ओसरलाही.

गेल्या पावसाळ्यात नातू मुंबईला आला होता. आई आता नव्वदीला टेकली आहे, पण बोंबील अजून तिच्याच हातचे. पाणी काढायला तिने ते पाट्याखाली दाबून ठेवले, तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवले, तवा तापवला आणि सवयीने खिडकीकडे हात नेला.

“पणजी, कशात तळतेस?” त्याने मराठीत विचारलं. हा प्रश्न त्याने माझ्याकडूनच उचलला होता.

“शेंगदाण्याच्या तेलात, बाळा,” ती म्हणाली.

तिचा हात कडीवर होता. मी तो हलकेच खाली घेतला आणि खिडकी उघडी ठेवली. तव्यावर पहिला बोंबील पडला.